कोच होण्याआधीची वर्षं

1978 साली रॉय विल्यम्स नावाच्या एका शाळामास्तरांनी संसार हलवला आणि ते नॉर्थ कॅरोलिनातल्या चॅपेल हिलला राहायला आले. डोंगराळ भागातल्या ओवेन हायस्कूलमधली पक्की नोकरी सोडून त्यांनी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात अर्धवेळ सहाय्यक कोचचं काम धरलं. पगार वर्षाला 2,700 डॉलर. त्यात घर चालणं शक्य नव्हतं. म्हणून मोसमात दर रविवारी मुख्य कोचच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेपा गाडीत टाकून ते राज्यातल्या दूरदूरच्या केंद्रांवर पोचवायला जात, आणि उन्हाळ्यात संघाची कॅलेंडरं विकत गावोगाव फिरत. दुकानात शिरायचं, ओळख सांगायची, कॅलेंडर पुढे करायचं, मालक नको म्हणाला की पुढचं दुकान गाठायचं. सहाय्यक म्हणून त्यांनी दहा वर्षं काढली. पुढे याच माणसाने मुख्य कोच म्हणून चॅपेल हिलला 2005, 2009 आणि 2017 अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली.

मी इथून जवळच, केरीत राहते. चॅपेल हिल, डरहॅम, रॅली ही बास्केटबॉलवेड्या विद्यापीठांची तिन्ही गावं हाकेच्या अंतरावर. मार्च लागला की ऑफिसात, भारतीय दुकानाच्या रांगेत, मराठी मंडळाच्या जेवणात एकच प्रश्न: डरहॅमचं ड्यूक की चॅपेल हिलचं कॅरोलिना? इथे वाढलेली आपली पोरं त्यावरून घरात अबोला धरतात. माझी नजर मात्र सामना चालू असताना मैदानाच्या कडेला असते. मी साताऱ्याला शाळेत गणित शिकवायचे, त्यामुळे असेल. घसा ताणून ओरडणारा, दुसऱ्याच क्षणी गुडघ्यावर बसून एका घामेजल्या पोराला फळीवर काहीतरी आखून दाखवणारा हा माणूस आला कुठून, या झगमगाटाआधी काय करत होता, याचं मला फार कुतूहल आहे. विद्यापीठं दरवर्षी संघाची माहितीपुस्तिका काढतात, तिच्यात कोचचं चरित्र असतं. लोक खेळाडूंची पानं वाचतात, मी कोचची वाचते.

विल्यम्स यांच्या लहानपणाची एक गोष्ट त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. खेळून झालं की बरोबरीची मुलं पेट्रोल पंपावर जाऊन कोक प्यायची. रॉयकडे दहा सेंट नसायचे, तो पाणी प्यायचा. आई लोकांचे कपडे इस्त्री करून घर चालवायची. तिला हे कळलं, तेव्हापासून ती रोज ओट्यावर दहा सेंटचं नाणं ठेवून कामावर जाऊ लागली. मोठेपणी त्यांच्या फ्रीजमध्ये कोकच्या बाटल्या कायम भरलेल्या असत. ही गोष्ट वाचल्यापासून त्यांच्या संघांकडे मी वेगळ्या नजरेने पाहते. आपल्यापाशी नाणं नाही हे लपवणारं पोर वीस जणांत नेमकं कोणतं, हे अशा माणसाला सांगावं लागत नाही.

ही चरित्रं एकापुढे एक वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मोठे कोच झालेल्यांपैकी कितीतरी जण खेळाडू म्हणून बाकावर बसलेले होते. कॅन्ससचा संघ 1952 साली राष्ट्रीय विजेता ठरला, त्यात पुढे चॅपेल हिलचे मुख्य कोच झालेले डीन स्मिथ राखीव खेळाडू होते. त्याच कॅन्ससच्या बाकावर तीसेक वर्षं आधी अडॉल्फ रप बसायचे. ओहायो स्टेटने 1960 साली विजेतेपद मिळवलं, त्या संघाच्या राखीव खेळाडूंत बॉब नाइट होते. तिघेही पुढे महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक सामने जिंकणाऱ्यांच्या यादीत अगदी वर पोचले. खेळायला मिळालं नाही की पोरगा एकतर रुसतो, नाहीतर बघायला शिकतो. कोचच्या शेजारी बसून, मैदानावरच्या दहाही जणांना एकाच वेळी डोळ्यांत घेत, का बदललं, का थांबवलं, आता काय होणार, हा हिशेब तो मनात मांडत राहतो. अंगभूत कौशल्याच्या खेळाडूला आपण कसं केलं ते सांगता येत नाही. वर्गातल्या हुशार मुलाला गणित सुटतं, पण शेजारच्याला समजावता येत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

कॅन्ससचं नाव वारंवार येतं, त्याला कारण आहे. बास्केटबॉल ज्यांनी शोधला ते जेम्स नेस्मिथ तिथे होते. कॅनडातला जन्म, नवव्या वर्षी आईवडील गेले, मग धर्मशास्त्राचं शिक्षण. 1891 च्या हिवाळ्यात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत कंटाळलेल्या मुलांना गुंतवण्यासाठी त्यांनी पीचच्या टोपल्या बांधल्या आणि तेरा नियम लिहिले. नंतर वैद्यकीची पदवी घेऊन 1898 मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात आले, तिथे प्रार्थनागृह आणि व्यायामशाळा दोन्ही सांभाळली. संघाचे पहिले कोचही तेच. 55 सामने जिंकले, 60 हरले. कॅन्ससच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला कोच तो एकच, खेळाचा जनक. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं त्यांनी फॉग ॲलन या आपल्या विद्यार्थ्याला सांगितलं होतं. ॲलन यांनी ते ऐकलं नाही. जवळजवळ चाळीस वर्षं ते कॅन्ससला कोच राहिले आणि कोच हा एक पेशा असतो हे त्यांनी दाखवून दिलं. रप आणि स्मिथ हे त्यांचेच विद्यार्थी. स्मिथ यांचे सहाय्यक विल्यम्स, आणि विल्यम्स मुख्य कोच म्हणून 1988 मध्ये पहिल्यांदा गेले ते कॅन्ससलाच. आपल्याकडे गाण्यात घराणं असतं तसंच हे आहे, बंदिश एकच, गळे वेगळे.

याच घराण्यातला एक शिष्य मात्र बाकावरही बसू शकला नाही. जॉन मॅक्लेंडन 1933 मध्ये कॅन्ससला शिकायला आले. नेस्मिथ यांना शोध, ते तुझे मार्गदर्शक, असं वडिलांनी सांगितलं होतं, आणि नेस्मिथ यांनी ते खरं केलं. पण मॅक्लेंडन काळे होते आणि विद्यापीठाच्या संघात काळ्या मुलांना जागा नव्हती. जो खेळ त्यांना खेळू दिला नाही तोच ते खेळ शोधणाऱ्या माणसाकडून शिकले. मग ते डरहॅमला आले, काळ्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या नॉर्थ कॅरोलिना कॉलेजात. आम्ही आज जिथून रोज ये-जा करतो त्या गावात.

12 मार्च 1944, रविवार. सकाळी सगळं डरहॅम चर्चमध्ये असताना ड्यूकच्या वैद्यकीय शाखेतल्या गोऱ्या मुलांचा संघ गाड्यांतून, मुद्दाम आडवाटेने, मॅक्लेंडन यांच्या व्यायामशाळेत आला. कुणी ओळखू नये म्हणून उतरताना त्यांनी जाकिटं डोक्यावर ओढली होती. दारं लावून घेतली. प्रेक्षक नाहीत, पेपरात बातमी नाही. दक्षिणेत त्या काळी काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळणं कायद्याने बंद होतं, पकडले गेले असते तर नोकरी राहो, जीवावर बेतलं असतं. मॅक्लेंडन यांच्या मुलांनी 88-44 असा सामना जिंकला. आणि त्यानंतर जे झालं ते मला त्या गुणांहून मोठं वाटतं. पोरांनी आपसात मिसळून पुन्हा दोन संघ केले आणि आणखी एक सामना खेळले. पन्नास वर्षं याची बाहेर कुणाला खबर नव्हती. ती शाळा आज नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल युनिव्हर्सिटी आहे. तिच्यावरून जाताना मी गाडी हळू करते.

मॅक्लेंडन पुढे टेनेसीला गेले आणि तिथे 1957, 58, 59 अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदं छोट्या कॉलेजांच्या स्पर्धेत मिळवली. चेंडू हातात आला की दम न घेता पळत सुटायचं आणि मैदानभर प्रतिस्पर्ध्याला दाबत राहायचं, ही आजची सर्रास दिसणारी पद्धत त्यांनी घडवली. गोऱ्यांची संख्या जास्त असलेल्या विद्यापीठात मुख्य कोचची नोकरी मात्र त्यांना 1966 मध्ये मिळाली, क्लीव्हलंड स्टेटला. असं पद मिळवणारे ते पहिले काळे कोच. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत, त्यांना 1979 ला घेतलं, पण खेळाला हातभार लावणारे म्हणून. कोच म्हणून घेतलं 2016 ला, त्यांना जाऊन सतरा वर्षं झाल्यावर. मला याचा आजही राग येतो.

स्प्रिंगफील्डचा एक धागा आपल्या बाजूलाही आला आहे. त्याच संस्थेत शिकलेल्या हॅरी बक यांनी 1920 मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. भारतात पी.टी.चे शिक्षक रीतसर तयार होऊ लागले ते तिथपासून.

शिक्षक म्हणून ज्यांच्याविषयी मला सगळ्यात जास्त वाटतं ते जॉन वूडन. इंडियानातल्या शेतकऱ्याचा मुलगा, घरची शेती गेली. हे मात्र बाकावरचे नव्हते, पर्ड्यू विद्यापीठाचे नामांकित खेळाडू होते. पण 1932 मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी धरली ती शाळेतली नोकरी. केंटकीतल्या डेटन गावात आणि मग साउथ बेंडला ते इंग्रजी शिकवायचे आणि शाळेच्या संघाकडे बघायचे. दहा वर्षांहून जास्त काळ. मग महायुद्धात नौदल, मग इंडियाना स्टेट हे शिक्षक घडवणारं कॉलेज. तिथे 1947 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं, पण क्लॅरन्स वॉकर या काळ्या खेळाडूला आणायचं नाही, अशी अट होती. वूडन यांनी बोलावणं परत पाठवलं. वॉकर काही संघाचा मुख्य खेळाडू नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. पुढच्या वर्षी अट निघाली आणि संघ वॉकरला घेऊन गेला.

1948 मध्ये वूडन लॉस एंजेलिसला, यूसीएलए विद्यापीठात आले. तिसऱ्या मजल्यावरची जुनी व्यायामशाळा, त्याच जागेत कुस्तीवाले, त्याच जागेत जिम्नॅस्टिक्सवाले. सराव सुरू होण्याआधी वूडन स्वतः फरशी झाडायचे, पुसायचे. नव्या मुलांचा पहिला धडा चेंडूचा नसायचा. ते मुलांना खाली बसवायचे आणि मोजा कसा घालायचा ते शिकवायचे. मोजा ओढायचा, मग बोटांपासून टाचेपर्यंत हात फिरवून एकेक सुरकुती काढायची, टाचेपाशी पुन्हा बघायचं. मग बूट, नाडी प्रत्येक भोकातून घट्ट, शेवटी दुहेरी गाठ. सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो. देशातली निवडक पोरं, सात फुटी देहांची, जमिनीवर बसून हे करायची. करीम अब्दुल-जब्बार आणि बिल वॉल्टन यांनी हा धडा आयुष्यभर लक्षात ठेवला.

त्यांच्या शेवटच्या मोसमात, 1974-75 ला, रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाला बसून त्यांचं प्रत्येक वाक्य टिपून घेत होते. दोन हजारांहून अधिक नोंदी झाल्या. त्यांत शाबासकी सुमारे सात टक्के, नापसंती साधारण तेवढीच. तब्बल पाऊण हिस्सा नुसती माहिती: पाय असा ठेव, चेंडू लवकर सोड, इकडे वळ. हे वाचून मला माझे वर्ग आठवले. चांगला तास कधीच भाषणाचा नसतो. दहा वर्षांत कोरीव केलेलं छोटं वाक्य योग्य क्षणी पडतं, त्यावर पोर सुधारतं, आणि त्याला ते आपलं आपणच सुधारलं असं वाटतं.

वूडन यांनी बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, सलग 88 सामने जिंकले. हे आकडे सगळे सांगतात. मला महत्त्वाचा वाटतो तो वेगळा आकडा: पहिलं विजेतेपद 1964 ला आलं, यूसीएलएमधल्या त्यांच्या सोळाव्या मोसमात. मग मी बाकीच्यांचेही काढले. डीन स्मिथ, एकविसावा मोसम. टेनेसीच्या महिला संघाच्या पॅट समिट, तेरावा. ड्यूकचे माइक शशेफ्स्की, अकरावा. शशेफ्स्की यांचे वडील शिकागोत लिफ्ट चालवायचे, आई रात्री क्लबात साफसफाईला जायची. 1980 मध्ये सैन्याच्या अकादमीच्या संघाकडून ते ड्यूकला आले ते 9 विजय आणि 17 पराभवांचा मोसम पाठीशी घेऊन. पहिल्या तीन वर्षांत 38 जिंकले, 47 हरले. देणगीदार त्यांना काढा म्हणून मागे लागले होते. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी 1984 मध्ये उलट करार वाढवून दिला. शशेफ्स्की 2022 मध्ये निवृत्त झाले तेव्हा 1,202 विजय आणि पाच विजेतेपदं त्यांच्या नावावर होती.

स्मिथ यांची गोष्टही तशीच. 1961 मध्ये कुलगुरू विल्यम एकॉक यांनी तीस वर्षांच्या, कुणाला फारसा ठाऊक नसलेल्या या सहाय्यकाला मुख्य कोच केलं, कारण आधीच्या कारभारावर ठपका आला होता आणि त्यांना स्वच्छ माणूस हवा होता. जिंकण्या-हरण्याची काळजी करू नकोस, असं त्यांनी सांगितलं. जानेवारी 1965 मध्ये संघ एक सामना मोठ्या फरकाने हरून परतला तेव्हा विद्यार्थ्यांनी स्मिथ यांचा पुतळा झाडाला फासावर लटकवला होता. बिली कनिंगहॅम या खेळाडूने बसमधून उतरून तो ओढून काढला. गणिताचे पदवीधर असलेले स्मिथ तोवर एक वेगळा हिशेब मांडून बसले होते: चेंडू एकदा ताब्यात आला की त्यामागे किती गुण मिळतात. सामन्याचा वेग काहीही असो, हा आकडा खोटं बोलत नाही. आज संगणकावर सगळे हेच मोजतात.

मुख्य कोच होण्याआधी स्मिथ आपल्या धर्मगुरूंच्या सांगण्यावरून एका काळ्या विद्यार्थ्याला घेऊन चॅपेल हिलच्या गोऱ्यांच्या हॉटेलात जेवायला गेले होते, आणि त्यांना वाढण्यात आलं. कित्येक वर्षांनी ही गोष्ट धर्मगुरूंनी एका पत्रकाराला सांगितली तेव्हा स्मिथ नाराज झाले. योग्य ते केलं याचा अभिमान धरायचा नसतो, फक्त करायचं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. असा माणूस कुठून येतो, तर त्यांचे वडील कॅन्ससच्या एम्पोरिया गावात शाळेचे कोच होते, आणि 1934 मध्ये त्यांनी आपल्या संघात काळ्या मुलाला घेऊन राज्याचं विजेतेपद मिळवलं होतं.

पॅट समिट यांच्या वडिलांनी तर मुलीसाठी घर बदललं. टेनेसीत जिथे ते राहायचे तिथल्या शाळेत मुलींचा संघ नव्हता, म्हणून शेतकरी कुटुंब उठून हेन्रिएटाला गेलं. 1974 मध्ये बावीस वर्षांच्या समिट टेनेसी विद्यापीठात शिकत शिकत सहाय्यक म्हणून काम करायला आल्या आणि मुख्य कोच अचानक गेल्यामुळे संघ त्यांच्याच गळ्यात पडला. महिन्याला 250 डॉलर. काही खेळाडू त्यांच्यापेक्षा जेमतेम वर्षाने लहान. व्हॅन त्याच चालवायच्या, गणवेश त्याच धुवायच्या, आणि ते गणवेश डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले. बाहेरगावी सामना असला की कधीकधी प्रतिस्पर्ध्यांच्याच व्यायामशाळेत पथारी पसरून झोपायचं. 38 वर्षांत 1,098 विजय आणि आठ विजेतेपदं. शिवाय पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली, हा त्यांचा विक्रम मला त्या आठांहून वरचा वाटतो. 2011 मध्ये त्यांना अल्झायमर असल्याचं निदान झालं. त्यांनी ते लपवलं नाही, आणखी एक मोसम उभं राहून काढला.

बायकांच्या खेळांना पैसा नव्हता तेव्हा त्यांच्या संघांचे नव्वद टक्क्यांहून जास्त कोच बायकाच होत्या. शिक्षणसंस्थांत बायकांना डावलायला बंदी घालणाऱ्या 1972 च्या कायद्याने पैसा आला, पगार आले, आणि सगळे खेळ मिळून आज हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे. व्हॅन चालवायची वेळ होती तेव्हा बायका चालल्या.

वूडन यांचा पगार शेवटपर्यंत वर्षाला 35,000 डॉलरच्या पुढे गेला नाही. कनेक्टिकटचे डॅन हर्ली यांनी 2024 मध्ये केलेला करार सहा वर्षांचा आणि पाच कोटी डॉलरचा आहे. 2021 पासून खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे कमावू शकतात, एक वर्षही बाहेर न बसता संघ बदलू शकतात, आणि 2025 पासून विद्यापीठंच त्यांना थेट पैसे देऊ लागली. खेळाडूंना त्यांच्या कष्टाचं मिळतंय हे न्याय्यच आहे, उशीर झाला एवढंच. पण दरवर्षी नवा संघ जुळवायचा असेल तर चार वर्षं एका पोराला घडवणाऱ्या शिक्षकाचं काय काम उरतं? व्हर्जिनियाचे टोनी बेनेट यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये, मोसम तोंडावर असताना, आपण या नव्या वातावरणासाठी योग्य माणूस नाही असं सांगून काम सोडलं. 2019 चं विजेतेपद नावावर असलेला, पंचावन्न वर्षांचा माणूस. दुसरीकडे संचालकांचा धीरही आटला आहे. 38 विजय आणि 47 पराभवांवर आज कुणी करार वाढवून देईल असं मला वाटत नाही. तो धीर नसता तर वूडन, स्मिथ, शशेफ्स्की ही नावं आपल्याला माहीतच झाली नसती, एवढं मी ठामपणे म्हणते.

डॅन हर्ली यांचे वडील बॉब हर्ली जर्सी सिटीत तुरुंगाऐवजी बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी होते. संध्याकाळी सेंट अँथनी या गरीब कॅथलिक शाळेचा संघ शिकवायचे. शाळेला स्वतःची व्यायामशाळा नव्हती, सराव बिंगोच्या हॉलमध्ये चालायचा. विद्यापीठांनी बोलावलं, ते गेले नाहीत. पंचेचाळीस वर्षं तिथेच राहून राज्याची पंचवीसहून जास्त विजेतेपदं मिळवली आणि दिवसभर ज्या वाटेने गेलेली माणसं बघत होते, त्या वाटेवरून शेकडो पोरांना कॉलेजात वळवलं. शाळेतच राहूनही 2010 मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. थोरला मुलगा बॉबी शशेफ्स्की यांच्या हाताखाली 1991 आणि 1992 ची दोन्ही विजेतेपदं जिंकला. धाकटे डॅन आधी नेवार्कच्या एका शाळेत कोच होते, मग एका छोट्या कॉलेजात, मग त्याहून थोड्या मोठ्या विद्यापीठात, आणि तिथून कनेक्टिकटला, जिथे त्यांनी 2023 आणि 2024 ची विजेतेपदं सलग मिळवली. सेंट अँथनी शाळा पैशांअभावी 2017 मध्ये बंद पडली.